भोंडवे, वाय. टी.

कुलसचिवांकडून तक्ता आला, सोमवारी दुपारपर्यंत भरून पाठवा:
निबंध किती, उद्धरणं किती, एच-निर्देशांक किती,
सहकार्य किती, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय वेगळं दाखवा.
मी ग्रंथालयातला साहाय्यक. मोजणं माझ्याकडे.
बाई टेकडीवर.

संगणकावर बाई तीन निघाल्या.
एक भोंडवे, एक भोंडावे,
आणि चिलीतल्या कुणाच्या तरी हातून
आडनावातला एच गळालेली बोंडवे.
तिघींची मिळून एकशे चौदा उद्धरणं,
भावकीतल्या जमिनीसारखी तुकड्यातुकड्यांत.
मी तिघींना एका सातबाऱ्यावर आणलं.
निर्देशांक चारावरून सातावर गेला.
निवृत्तीआधीची शेवटची बढती आठाला मिळते.

सात म्हणजे सात निबंध असे,
की प्रत्येकाला निदान सात जणांनी तळाशी जागा दिली.
आठव्याला सहाच मिळाले.
त्या सहांतला एक म्हणतो, भोंडवे यांचं मत टिकत नाही.
तोही धरला. इथे शिवी आणि ओवी एकाच भावात.
एकाने पाच नावांच्या रांगेत बाईंना कोंबलंय,
स्वारगेटच्या शेवटच्या बसमध्ये कोंबावं तसं.
आणि कुठल्याशा थंड बेटावरची एक मुलगी,
तिने बाईंची रीत जशीच्या तशी उचलून
गावच्या थडग्यांवर लावून पाहिली, आणि आभारात लिहिलं,
हे वाचून मी विषय बदलला.
तीही एकच.

विषय: दगडफूल.
गोड्या मसाल्यात टाकतो नि विसरतो, ते.
बाई सांगतात, हे फूल नव्हे, झाडही नव्हे,
बुरशी आणि शेवाळ यांनी खडकावर थाटलेला संसार,
एक छप्पर धरते, दुसरं चूल पेटवतं.
हे सहकार्य कुठल्या रकान्यात घालू,
विचारायचं राहून गेलं.
एकतीस वर्षं बाई वेताळ टेकडीच्या त्याच नऊ खडकांवर
तीच वर्तुळं मोजतायत.
वर्षाला अर्ध्या मोहरीएवढी वाढ, तीही हवा बरी असेल तर.
पौड रस्त्याकडची चार आधी गेली.
त्या वर्षीच्या वहीत नुसती एक रेघ आहे.

सहलेखकांत एक नाव अडलं.
धाकू मरगळे. पदवी नाही. संस्था: वेताळ टेकडी.
तेव्हा संपादकाने विचारलं होतं, हे गृहस्थ कोण?
बाईंनी कळवलं, सातवा आणि नववा खडक ज्यांनी दाखवला ते.
शेळ्या वळवता वळवता दाखवला, हे कळवलं नाही.
नाव छापून आलं.
प्रणाली म्हणते, असा संशोधक आढळला नाही.
मी धाकूचं खातं उघडलं.
निबंध एक. उद्धरणं अकरा. निर्देशांक एक.
मरगळे जाऊन सहा वर्षं झाली,
अकरातली चार त्यानंतरची.

शुक्रवारी बाई आल्या, बुटांना लाल माती.
सात पाहून म्हणाल्या, बरंय की.
आठ लागतात, मी म्हटलं.
मग तो रकाना सोडा रिकामा.
धाकूच्या खात्यापाशी मात्र थांबल्या,
चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं.
एक, म्हणाल्या.
माझा पहिला एक यायला नऊ वर्षं लागली होती.
चहा न घेता गेल्या.

ग्रंथालयामागच्या दगडी कुंपणाला
तेवीस वर्षं मी सायकल टेकवतो.
त्या संध्याकाळी हँडलखाली दिसला
राखी, कडेला किंचित हिरवा, रुपयाहून लहान ठिपका.
शिक्का मारलेली पट्टी आणून मोजला.
एकोणीस मिलिमीटर.

रकाना काही मी रिकामा सोडला नाही, सात लिहिले.
तक्त्याच्या तळाशी होतं, इतर माहिती, असल्यास.
तिथे लिहिलं, एकोणीस.
एकक लिहिलं नाही.
अजून कुणी विचारलेलं नाही.